बातमीआधीच ठरलेला संशयित

नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे २२ जुलै २०११ रोजी दुपारी सरकारी कार्यालयांच्या परिसरात प्रचंड बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर सुमारे दोन तासांनी उटोया बेटावर भरलेल्या तरुणांच्या राजकीय शिबिरावर बेछूट गोळीबार झाला. दोन्ही घटनांत मिळून ७७ जणांचा बळी गेला. हल्लेखोर त्याच संध्याकाळी पोलिसांच्या हाती लागला. तो अँडर्स ब्रेविक नावाचा नॉर्वेजियन तरुण होता आणि युरोपचे 'इस्लामीकरण' होत असल्याच्या भयगंडाने त्याला पछाडले होते. असे असूनही दुसऱ्या दिवशी लंडनच्या 'द सन' या त्या वेळी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खप असलेल्या दैनिकाने पहिल्या पानावर हे हत्याकांड अल-कायदाचे असल्याचे मथळ्यात छापले आणि त्याला 'नॉर्वेचे ९/११' म्हटले. सुरुवातीच्या काही तासांत प्रतिष्ठित अमेरिकी दैनिकांच्या संकेतस्थळांवरही जिहादी गटांकडे बोट दाखविणारा मजकूर झळकत होता.

घाईत चूक होणे पत्रकारितेला नवे नाही. छपाईची वेळ गाठताना कोणत्याही वृत्तपत्राची अशी फसगत होऊ शकते. विचार करायला लावते ती या चुकीची दिशा. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे १९ एप्रिल १९९५ रोजी संघराज्य सरकारच्या इमारतीत स्फोट होऊन १६८ जण ठार झाले, तेव्हाही दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञांनी काही तासांत पश्चिम आशियाकडे बोट दाखविले होते. जॉर्डन वंशाच्या एका अमेरिकी नागरिकाला लंडनमध्ये अडवून चौकशीसाठी परत पाठविण्यात आले. प्रत्यक्षात गुन्हेगार निघाला आखाती युद्धात लढलेला अमेरिकी माजी सैनिक टिमथी मॅकव्हे. स्फोटानंतर अवघ्या दीड तासात, मोटारीला नंबरप्लेट नसल्याच्या कारणावरून त्याला एका पोलिसाने आधीच पकडले होते.

कॅनडातील क्यूबेक शहरात २९ जानेवारी २०१७ रोजी तर मशिदीत नमाज पढणारे सहा जण मारले गेले. मृत मुस्लिम, जागा मशीद. आणि तरीही 'फॉक्स न्यूज'ने संशयित मोरोक्को वंशाचा असल्याचे ट्विटरवरून जगाला कळविले. ज्याचा उल्लेख होता, तो प्रत्यक्षात साक्षीदार होता. पोलिसांनी खुलासा केल्यानंतरही तो संदेश तसाच राहिला. अखेर पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या कार्यालयाने पत्र पाठविल्यावर वाहिनीने तो काढून टाकून दिलगिरी व्यक्त केली.

पाश्चात्त्य माध्यमे मुस्लिमांविरुद्ध कट रचतात, असा यावरून निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. लंडनमधील खपाचे दैनिक, अमेरिकेतील वृत्तवाहिनी आणि न्यूयॉर्कचे गंभीर वृत्तपत्र यांचे मालक, वाचक आणि राजकारण वेगवेगळे आहे. त्यांची एखादी गुप्त बैठक होत नाही. एखादी घटना घडताच संशयित कोण असेल, याचे एक चित्र मात्र वृत्तकक्षात आधीपासून तयार असते. ते चित्र कसे तयार झाले आणि वाचकांच्या मनात ते कसे उतरले, हा खरा प्रश्न आहे.

ओळख फक्त बातमीतून

माध्यमांचा प्रभाव तेथे अधिक पडतो, जेथे वाचकाला स्वतःचा अनुभव नसतो. अमेरिकेतील 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०१७ मधील पाहणीत, एखाद्या मुस्लिम व्यक्तीला आपण प्रत्यक्ष ओळखतो, असे सांगणारे अमेरिकी नागरिक निम्म्याहून कमी होते. जे ओळखत होते, त्यांचे मुस्लिमांविषयीचे मत इतरांपेक्षा ठळकपणे अनुकूल होते. उरलेल्यांची ओळख पडद्यावरून आणि छापील पानावरून झालेली.

या ओळखीचा एक परिणाम आकड्यांत दिसतो. 'इप्सॉस' या संस्थेने २०१६ मध्ये अनेक देशांतील नागरिकांना विचारले, की तुमच्या देशातील दर शंभर माणसांत मुस्लिम किती असतील? फ्रान्समधील लोकांचा सरासरी अंदाज ३१ होता. प्रत्यक्षातील प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास. अमेरिकी नागरिकांनी १७ सांगितले. प्रत्यक्षात ते सुमारे एक टक्का. ब्रिटनमध्ये अंदाज १५ चा, वास्तव पाच टक्क्यांहून किंचित कमी. शेजारी क्वचितच दिसणारा माणूस बातमीत रोज दिसू लागला, की त्याची संख्या मनात फुगते. मग 'ते वाढत आहेत' या भीतीला जनगणनेचा आधार लागत नाही.

ही ओळख घडविण्याचा इतिहास ११ सप्टेंबर २००१ पासून सुरू होतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. तेहरानमधील अमेरिकी वकिलातीवर इराणी विद्यार्थ्यांनी ४ नोव्हेंबर १९७९ रोजी कब्जा केला. ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस राहिले. 'एबीसी' वाहिनीने या संकटावर दररोज रात्री खास कार्यक्रम सुरू केला. 'अमेरिका ओलीस' अशा आशयाचे त्याचे नाव होते आणि त्यातूनच पुढे 'नाइटलाइन' हा प्रसिद्ध वृत्तकार्यक्रम जन्माला आला. वर्षभराहून अधिक काळ अमेरिकी घराघरांत रात्री झोपण्यापूर्वीचे दृश्य एकच होते : घोषणा देणारा, मुठी आवळलेला जमाव. १९५३ मध्ये इराणमधील लोकनियुक्त पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांना पदच्युत करण्यात अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांचा हात होता, ही त्या जमावाच्या संतापामागील पार्श्वभूमी मात्र क्वचितच सांगितली गेली. कारण वगळून राग दाखविला, की तो राग स्वभाव वाटू लागतो.

पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सईद यांनी याच काळातील वार्तांकनाचा अभ्यास करून १९८१ मध्ये 'कव्हरिंग इस्लाम' हे पुस्तक लिहिले. शीर्षकातील इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत : वार्तांकन करणे आणि झाकून टाकणे. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेल्या, भिन्न भाषा बोलणाऱ्या, भिन्न राजवटींखाली जगणाऱ्या कोट्यवधी माणसांना 'इस्लाम' या एका शब्दात कोंबले, की त्यांच्यातील कोणाविषयीच काही कळत नाही, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

याच्या उलट उदाहरण अफगाणिस्तानचे. सोव्हिएत फौजांशी लढणारे मुजाहिदीन १९८० च्या दशकात पाश्चात्त्य माध्यमांचे नायक होते. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८३ मध्ये त्यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. डिसेंबर १९९३ मध्येही लंडनच्या 'इंडिपेंडंट'मध्ये सुदानमध्ये रस्ते बांधणाऱ्या एका माजी सोव्हिएतविरोधी लढवय्याचे सौम्य शब्दचित्र छापून आले होते. त्याचे नाव ओसामा बिन लादेन. मुजाहिदीनांची दाढी, बंदूक आणि धर्मश्रद्धा पूर्वीही तीच होती. बदलले ते परराष्ट्र धोरण, आणि त्याबरोबर बातमीतील विशेषण. धर्म हा बातमीचा विषय कधी होतो आणि कधी होत नाही, हे पुष्कळदा राजधानीतील वारे ठरवितात.

युद्धाची किंमत

या साऱ्याची किंमत किती मोठी असू शकते, हे इराकने दाखविले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांतील १९ विमान अपहरणकर्त्यांत एकही इराकी नव्हता. तरीही 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या २००३ मधील जनमत चाचणीत ६९ टक्के अमेरिकी नागरिकांना त्या हल्ल्यांत सद्दाम हुसेन यांचा व्यक्तिशः हात असण्याची शक्यता वाटत होती. मेरिलँड विद्यापीठाशी संलग्न अभ्यासगटाने ऑक्टोबर २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी आजही वाचण्यासारखी आहे. तीन चुकीच्या समजुती तपासण्यात आल्या होत्या : इराकमध्ये महासंहारक अस्त्रे सापडली, इराक व अल-कायदा यांच्या संबंधांचे पुरावे मिळाले आणि जगातील जनमत युद्धाच्या बाजूने होते. ज्यांचा बातम्यांचा मुख्य स्रोत 'फॉक्स न्यूज' होता, त्यांच्यापैकी ८० टक्के लोकांना यातील किमान एक गोष्ट खरी वाटत होती. 'सीबीएस'च्या प्रेक्षकांत हे प्रमाण ७१ टक्के, मुख्यतः वृत्तपत्रांवर विसंबणाऱ्यांत ४७ टक्के आणि सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या श्रोत्या-प्रेक्षकांत २३ टक्के होते.

देश एकच, युद्ध एकच, मात्र बातमीचा स्रोत बदलला की नागरिकांचे 'सत्य' बदलत होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी संपादकीय टिपण प्रसिद्ध करून, इराकी अस्त्रांविषयीचे आपले काही वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, अशी कबुली दिली. हे टिपण प्रसिद्ध झाले, तेव्हा बगदाद पडून एक वर्ष उलटले होते.

निवडीतून घडणारे चित्र

खोटी बातमी पकडता येते, तिचा खुलासा मागता येतो. खऱ्या बातम्यांच्या निवडीतून उभे राहणारे एकांगी चित्र पकडणे अवघड. अलीकडच्या संशोधनाने तेच मोजून दाखविले आहे. एरिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१५ या काळात अमेरिकेत झालेल्या १३६ दहशतवादी घटनांच्या वार्तांकनाचा अभ्यास करून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील साडेबारा टक्के हल्ले मुस्लिमांनी केलेले होते. मृतांची संख्या, लक्ष्याचे स्वरूप, अटक झाली की नाही, अशा बाबींचा प्रभाव वेगळा काढल्यानंतरही मुस्लिम हल्लेखोर असलेल्या घटनांना इतरांच्या तुलनेत सरासरी ३५७ टक्के अधिक प्रसिद्धी मिळाली होती.

दुसरा अभ्यास एरिक ब्लाइख आणि मॉरिट्स व्हॅन डर व्हेन यांचा. त्यांनी १९९६ ते २०१६ या काळातील १७ अमेरिकी दैनिकांतील अडीच लाखांहून अधिक लेख व बातम्यांचा सूर संगणकाच्या साह्याने तपासला. मुस्लिमांचा किंवा इस्लामचा उल्लेख असलेला सरासरी मजकूर हा, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ८४ टक्के मजकुरापेक्षा अधिक नकारात्मक निघाला. कॅथलिक, ज्यू आणि हिंदू यांच्याविषयीच्या मजकुरात सकारात्मक व नकारात्मक यांचे प्रमाण जवळपास निम्मे-निम्मे होते. विशेष म्हणजे दहशतवाद वा युद्धाशी संबंध नसलेल्या मजकुरातही हा नकारात्मक सूर कायम होता, आणि तो २००१ च्या आधीपासूनचा होता.

ब्रिटनमध्ये पॉल बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २००९ या काळातील राष्ट्रीय दैनिकांतील सुमारे दोन लाख लेखांची भाषा तपासली. 'मवाळ' मुस्लिमाचा उल्लेख एकदा, तर 'जहाल' मुस्लिमाचा २१ वेळा, असे प्रमाण त्यांना आढळले. कार्डिफ विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासाने आणखी एक वळण नोंदविले. त्या वर्षी प्रथमच ब्रिटिश मुस्लिमांविषयीच्या दहशतवादाच्या बातम्यांपेक्षा धार्मिक व सांस्कृतिक भेदांच्या बातम्या जास्त झाल्या होत्या. म्हणजे बुरखा, मशिदीची जागा, शाळेतील गणवेश. भीतीचा विषय आता बॉम्बकडून शेजाऱ्याच्या राहणीमानाकडे सरकला होता.

मथळा आणि प्रश्न यांतील अंतर किती असू शकते, याचा नमुना पॅरिस हल्ल्यानंतर दहा दिवसांनी मिळाला. 'द सन'ने २३ नोव्हेंबर २०१५ रोजी, दर पाच ब्रिटिश मुस्लिमांपैकी एकाला जिहादींविषयी सहानुभूती असल्याचे पहिल्या पानावर छापले. पाहणीतील मूळ प्रश्नात 'जिहादी' हा शब्दच नव्हता. सीरियात जाऊन तेथील लढवय्यांना सामील होणाऱ्या तरुणांविषयी काय वाटते, एवढेच विचारले होते. त्या वेळी सीरियात परस्परांविरुद्ध लढणारे अनेक गट होते आणि 'इस्लामिक स्टेट'विरुद्ध लढायला गेलेले ब्रिटिश तरुणही होते. सुमारे तीन हजार तक्रारी आल्या. मार्च २०१६ मध्ये ब्रिटनमधील वृत्तपत्र नियामक संस्थेने तो मथळा लक्षणीय दिशाभूल करणारा असल्याचा निर्णय दिला आणि वृत्तपत्राला तो छापावा लागला. चार महिन्यांनी आतील पानावर आलेला निर्णय किती वाचकांनी वाचला असेल, याची कल्पना कोणत्याही पत्रकाराला करता येईल.

विशेषणांचा पक्षपात याहून सूक्ष्म असतो. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या 'डेली मिरर'ने हल्लेखोराचे बालपणीचे छायाचित्र छापून, देवदूतासारखा मुलगा पुढे अतिरेकी खुनी कसा झाला, अशा आशयाचा मथळा दिला. गोऱ्या हल्लेखोराच्या बाबतीत त्याच्या बालपणाचा, एकाकीपणाचा, मानसिक आजाराचा शोध सुरू होतो. मुस्लिम हल्लेखोराच्या बाबतीत शोध त्याच्या मशिदीचा. पहिला माणूस म्हणून बिघडतो, दुसरा समाजाचा प्रतिनिधी ठरतो. युक्रेनवर रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आक्रमण केले, तेव्हा 'सीबीएस'च्या वार्ताहराने कीव्ह हे इराक-अफगाणिस्तानसारखे नसून तुलनेने सुसंस्कृत शहर असल्याचे थेट प्रक्षेपणात म्हटले आणि नंतर माफी मागितली. ते शब्द जाणूनबुजून काढलेले नसतील. पण बेसावध क्षणी तोंडून जे निघते, ते मनात मुरलेले असते.

दुसरी बाजू

येथे एक आक्षेप रास्त आहे. धर्माच्या नावाने झालेला हिंसाचार माध्यमांनी कल्पनेतून निर्माण केलेला नाही. न्यूयॉर्क व वॉशिंग्टनमधील हल्ल्यांत जवळपास तीन हजार, लंडनमध्ये जुलै २००५ मध्ये ५२ आणि पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ मध्ये १३० निरपराध माणसे मारली गेली. मारेकऱ्यांनी स्वतःच धर्माचा हवाला दिला. ते वाचकापासून लपवून ठेवणे हीदेखील पत्रकारितेशी प्रतारणाच ठरली असती.

पण याच हिंसाचाराचे सर्वाधिक बळी इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, नायजेरिया अशा देशांत पडले आणि त्यांत बहुसंख्य मुस्लिमच होते, हे त्याच ठळकपणे सांगितले गेले का? पॅरिसच्या आदल्या दिवशी, १२ नोव्हेंबर २०१५ रोजी बैरुतमध्ये 'इस्लामिक स्टेट'च्याच आत्मघाती हल्लेखोरांनी चाळीसहून अधिक जणांना ठार केले. पॅरिसच्या मृतांची छायाचित्रे, नावे, आवडीनिवडी जगाला कळल्या. बैरुतचे मृत ही संख्या राहिली. मुस्लिम हा मारेकरी म्हणून पहिल्या पानावर आणि बळी म्हणून आतील पानावर येत राहिला, तर वाचकाच्या मनातील हिशेब चुकणारच.

शिवाय पाश्चात्त्य माध्यमे सरसकट कठोरच असतात, असेही नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले, तेव्हा 'बीबीसी'ने हल्लेखोरांना 'दहशतवादी' न म्हणता 'बंदूकधारी' म्हटल्याबद्दल भारतात संताप व्यक्त झाला होता. स्वतःच्या वतीने 'दहशतवादी' हा शब्द न वापरण्याचे त्या संस्थेचे जुने धोरण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'हमास'च्या हल्ल्यानंतर ब्रिटिश मंत्र्यांनीही त्यावर टीका केली. शब्दांच्या निवडीवर दोन्ही बाजूंनी रोष ओढवतो. म्हणूनच ती निवड नियमाने आणि सर्वांना सारखी लागू होणारी हवी.

यामागची कारणे वृत्तव्यवसायाच्या रचनेतही आहेत. परदेशांतील कायमस्वरूपी कार्यालये खर्चामुळे बंद होत गेली; संकट उद्भवले की विमानाने जायचे आणि संपले की परतायचे, अशी पद्धत पडली. साहजिकच तो देश वाचकाला फक्त संकटातच दिसतो. शिवाय वृत्तकक्षात बसते कोण, हाही प्रश्न आहे. लंडनच्या सिटी विद्यापीठाने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत ब्रिटिश पत्रकारांत मुस्लिमांचे प्रमाण ०.४ टक्के आढळले. लोकसंख्येत ते जवळपास पाच टक्के होते. मथळा छापायला जाण्यापूर्वी 'हे असे नाही' म्हणणारा सहकारी शेजारच्या टेबलावर नसेल, तर चूक बाहेर पडते.

शब्दांपलीकडचे परिणाम

अमेरिकेतील 'एफबीआय'च्या नोंदींनुसार मुस्लिमविरोधी द्वेषगुन्ह्यांच्या घटना २००० मध्ये २८ होत्या, त्या २००१ मध्ये ४८१ झाल्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोना राज्यात पेट्रोलपंप चालविणाऱ्या एका शीख गृहस्थाची गोळ्या घालून हत्या झाली. विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारावर ऑगस्ट २०१२ मध्ये एका वर्णवर्चस्ववाद्याने हल्ला करून सहा जणांना ठार केले. पगडी आणि दाढी यांचे पडद्यावरील चित्र एकदा पक्के झाले, की ते धर्म विचारत बसत नाही. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, हा प्रश्न परका नाही तो यामुळे.

स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर २००९ मध्ये मिनार बांधण्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव सार्वमतात ५७.५ टक्के मतांनी संमत झाला. त्या वेळी साऱ्या देशात मिनार होते अवघे चार. ब्रिटनमधील साउथपोर्ट येथे २९ जुलै २०२४ रोजी तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर नुकताच बोटीने आलेला मुस्लिम आश्रयार्थी असल्याची अफवा, एका काल्पनिक अरबी नावासह, समाजमाध्यमांतून पसरली. दुसऱ्या दिवशी तेथील मशिदीवर दगड पडले आणि पुढील आठवडाभर इंग्लंडमधील अनेक शहरांत दंगली झाल्या. हल्लेखोर कार्डिफमध्ये जन्मलेला, रवांडातून आलेल्या दाम्पत्याचा मुलगा होता. या वेळी बहुतेक प्रस्थापित वृत्तपत्रांनी ती अफवा उचलली नाही, उलट तिचे खंडन केले. परंतु लोकांनी ती क्षणात खरी मानली. तीन दशके पेरलेले चित्र आता वृत्तपत्राच्या मदतीशिवाय उगवत होते.

सुधारणेचे प्रयत्नही याच व्यवसायातून झाले आहेत, हे नमूद केले पाहिजे. 'असोसिएटेड प्रेस'ने एप्रिल २०१३ मध्ये आपल्या लेखननियमांत बदल करून, 'इस्लामिस्ट' हा शब्द अतिरेकी वा लढवय्या याचा पर्याय म्हणून वापरू नये, असे बजावले. ख्राइस्टचर्चच्या खटल्याआधी न्यूझीलंडमधील प्रमुख वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन, आरोपीच्या विचारसरणीला प्रसिद्धी न देण्याचे नियम स्वतःवर घालून घेतले. वर उल्लेखिलेले जवळपास सारे अभ्यासही पाश्चात्त्य विद्यापीठांतच झाले आहेत.

आपल्या पानावरचे प्रश्न

मग मराठी वाचकाचा याच्याशी संबंध कोणता? संबंध थेट आहे. मराठी दैनिकांच्या परदेश पानावरील बहुतांश मजकूर रॉयटर्स, असोसिएटेड प्रेस, एएफपी यांसारख्या वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्यांवर आधारलेला असतो. कैरो, बगदाद किंवा जकार्ता येथे आपला वार्ताहर नसतो. रात्री अकरा वाजता उपसंपादकासमोर येणाऱ्या इंग्रजी मजकुरात मिलिटंट, एक्स्ट्रीमिस्ट, इस्लामिस्ट, फंडामेंटलिस्ट असे भिन्न अर्थांचे शब्द असतात. घाईत त्या साऱ्यांचे भाषांतर 'दहशतवादी' किंवा 'कट्टरपंथी' असे होते. मूळ बातमीत उरलेली थोडीफार छटाही मराठीत येईपर्यंत पुसली जाते. 'फतवा' म्हणजे मुफ्तीने दिलेले धार्मिक मत. आपल्याकडे पालिकेच्या जाचक परिपत्रकालाही फतवा म्हणण्याची रीत पडली आहे. 'मदरसा' या अरबी शब्दाचा अर्थ केवळ शाळा. तो आज वाचकाच्या कानावर संशय घेऊनच पडतो.

मुंबईने मात्र एकदा या चित्राला छेद देणारी बातमी जगाला दिली होती. २६/११ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांचे मृतदेह दफन करू देण्यास शहरातील मुस्लिम संघटनांनी आणि मरीन लाइन्स येथील बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी ठाम नकार दिला. निरपराधांना मारणारे आमच्या धर्माचे नव्हेत, ही त्यांची भूमिका होती. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून राहिले आणि अखेर जानेवारी २०१० मध्ये राज्य सरकारने त्यांची गुप्तपणे विल्हेवाट लावली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक टॉमस फ्रीडमन यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये या नकारावर आवर्जून स्तंभ लिहिला. मुंबईच्या मुस्लिमांनी घेतलेला एक साधा, स्पष्ट नागरी निर्णय परदेशी वाचकासाठी आश्चर्याचा विषय ठरला, यातच त्याच्या मनातील आधीचे चित्र दिसते.

हल्ल्याची बातमी आली, की वाचकाने काही प्रश्न जरूर विचारावेत. संशयिताचे नाव पोलिसांनी सांगितले आहे, की तज्ज्ञाने? मथळ्यातील आकडा कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून आला? हाच गुन्हा दुसऱ्या धर्माच्या माणसाने केला असता, तर मथळ्यात त्याचा धर्म आला असता का? हे प्रश्न लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांना विचारताना आपल्या हातातील अंकालाही विचारायला हवेत. रात्रपाळीच्या उपसंपादकाने ते बातमी पानावर लावण्याआधी विचारले, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापण्याची वेळ क्वचितच येईल.